वाचकांचे प्रश्न : परवडणारे ग्राफिक डिझाइन सॉफ्टवेअर निवडताना

ग्राफिक डिझाइन आणि चित्रणासाठी कमी खर्चात कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रलेखकांनी ‘सर्वांत चांगले कोणते?’ असे विचारले आहे. उत्तर देताना मी प्रत्येक वेळी आधी एकच गोष्ट पाहिली आहे : तयार झालेले काम शेवटी कोणाकडे आणि कोणत्या स्वरूपाच्या फाइलमध्ये जाणार आहे. ते एकदा ठरले की यादीतली निम्मी नावे आपोआप गळतात.

प्रश्न : मी आजवर कागदावरच चित्रे काढली आहेत. आता संगणकावर बोधचिन्हे, पोस्टर आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रे करायला शिकायचे आहे. दरमहा शुल्क भरणे मला शक्य नाही. इंकस्केप, गिम्प, क्रिटा, ॲफिनिटी, कॅनव्हा अशी नावे सतत कानावर येतात. यांतले एकच घ्यायचे झाले तर कोणते घ्यावे?

आपण सांगितलेली तिन्ही कामे एकाच सॉफ्टवेअरमध्ये करता येतात, पण तिन्ही सारख्या सोयीने होत नाहीत, आणि त्याचे कारण चित्र संगणकात कसे साठवले जाते यात आहे. पिक्सेलवर आधारलेल्या चित्रात प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवलेला असतो, त्यामुळे ते मूळ आकारापेक्षा बरेच मोठे केले की कडा दातेरी किंवा धूसर दिसू लागतात. व्हेक्टर चित्रात बिंदू, त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा आणि आत भरायचा रंग यांची गणिती नोंद असते, म्हणून एकच बोधचिन्ह पेनाच्या टोपणावर आणि इमारतीवरच्या फलकावर सारखेच रेखीव उमटते. बोधचिन्हे, नकाशे, अक्षरांची रचना यांना व्हेक्टर हवे. जलरंगासारखा पोत, छायाप्रकाश आणि छायाचित्रांवरचे संस्करण यांना पिक्सेल हवेत. पोस्टरमध्ये बहुधा दोन्ही लागतात.

म्हणून एकाऐवजी दोन सॉफ्टवेअर घ्यावीत, असे मी सुचवेन : व्हेक्टर कामासाठी इंकस्केप आणि रंगवण्यासाठी क्रिटा. दोन्ही मोफत आणि मुक्त स्रोत (मूळ प्रोग्राम कोणालाही पाहता आणि बदलता येईल अशी) आहेत, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतात. इंकस्केपचा प्रकल्प 2003 मध्ये सोडिपोडी नावाच्या आधीच्या प्रकल्पातून वेगळा झाला, त्याची 1.0 आवृत्ती 2020 मध्ये आली आणि 1.2 पासून एकाच फाइलमध्ये अनेक पाने ठेवण्याची सोय झाली. आपण कागदावर काम करत आला आहात, त्यामुळे त्यातली एक सोय आपल्याला विशेष उपयोगी पडेल. शाईने काढलेले रेखाचित्र स्कॅन करून आत आणले, की ‘ट्रेस बिटमॅप’ या आज्ञेने त्याचे व्हेक्टर रेषांमध्ये रूपांतर होते. रूपांतरानंतर रेषेवर गरजेपेक्षा बरेच जास्त बिंदू पडलेले असतात. ते हाताने कमी करत रेषा गुळगुळीत करणे हा वक्ररेषा समजून घेण्याचा उत्तम अभ्यास आहे, आणि नवशिक्यांनी तो टाळू नये असे मला मनापासून वाटते.

क्रिटाची बांधणी पहिल्यापासून चित्रकाराला समोर ठेवून झाली आहे. ब्रशांचे अनेक प्रकार, थरथरणारी रेषा सावरणारा स्टॅबिलायझर, यथादर्शनासाठी मार्गदर्शक रेषा, आणि एका टोकाची रेघ दुसऱ्या टोकाला जोडून अखंड नक्षी काढू देणारी पद्धत अशा सोयी त्यात आहेत. गिम्पची सुरुवात 1995 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी केली. छायाचित्रे दुरुस्त करण्यासाठी ते आजही भक्कम आहे, आणि 2025 मधल्या 3.0 आवृत्तीपासून दिलेले फिल्टर नंतर बदलता किंवा काढूनही टाकता येतात. तरी कोऱ्या पृष्ठावर चित्र रंगवायचे असेल, तर मी गिम्पऐवजी क्रिटाच सुचवेन.

ॲफिनिटीबद्दल पुढे एका स्वतंत्र प्रश्नात लिहिले आहे. कॅनव्हा ही 2013 मध्ये सुरू झालेली ऑस्ट्रेलियन सेवा आहे आणि तयार नमुन्यांवरून चटकन निमंत्रण किंवा सूचनाफलक करण्यासाठी ती उपयोगी आहे. पण एसव्हीजी या व्हेक्टर स्वरूपात फाइल काढणे, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवणे आणि छपाईच्या रंगांत पीडीएफ काढणे या सोयी तिच्या सशुल्क योजनेत आहेत. शिवाय आपल्याला बोधचिन्ह घडवायला शिकायचे आहे, आणि ते तयार नमुने हलवून साधत नाही.

प्रश्न : मी पत्रके आणि लहान पुस्तिकांची डीटीपीची कामे करतो. छापखाना ‘सीएमवायके रंगांतली, 3 मिलिमीटर ब्लीड असलेली पीडीएफ’ मागतो. इंकस्केपमधून काढलेली पीडीएफ पडद्यावर उत्तम दिसली, पण छापल्यावर रंग मळकट आले आणि काळ्या मजकुराच्या कडांना रंगीत झाक आली. मोफत सॉफ्टवेअर छपाईसाठी निरुपयोगी आहे, असे समजावे का?

असे समजू नये. आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत, आणि त्यांतली एक तर सॉफ्टवेअरमुळे आलेलीच नाही.

पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो; ही आरजीबी पद्धत. छपाई यंत्र निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शाया कागदावर टेकवते; ही सीएमवायके पद्धत. पडद्यावरचा झगझगीत हिरवा, गडद तेजस्वी निळा आणि लखलखीत नारिंगी हे रंग या चार शायांतून मिळतच नाहीत. सॉफ्टवेअर कितीही महाग असले तरी कागदावर ते रंग उतरल्यावर मंदच दिसतात. महाग सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला ते आधीच कळते, इतकेच. मोफत सॉफ्टवेअरमध्येही ते आधी कळून घेता येते, फक्त त्यासाठी रंगांचे प्रोफाइल (यंत्र आणि कागद कोणते रंग कसे दाखवतात याची नोंद असलेली फाइल) नीट लावावे लागते आणि रंगपूर्वदर्शन चालू ठेवावे लागते.

मजकुराच्या कडांची अडचण मात्र फाइलमधून आली आहे. इंकस्केप 1.4 पर्यंतच्या आवृत्त्यांमधून निघणाऱ्या पीडीएफमध्ये रंग आरजीबी स्वरूपातच असतात. छापखान्याने ती फाइल सीएमवायकेत बदलली की पडद्यावरचा शुद्ध काळा रंग चारही शायांच्या मिश्रणात वाटला जातो. मग बारीक अक्षर चार वेगवेगळ्या प्लेटांवरून चार वेळा छापले जाते, आणि कागद केसभर जरी सरकला तरी अक्षरामागून गुलाबी किंवा निळी कड डोकावते. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा, म्हणजे तिचे प्रमाण 100 टक्के आणि उरलेल्या तिघींचे शून्य, असा हवा.

यासाठी इंकस्केपच्या पुढे स्क्रायबस जोडावे. स्क्रायबस हे पानांच्या मांडणीचे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि त्याची 1.6 ही स्थिर आवृत्ती जानेवारी 2024 मध्ये आली. इंकस्केपमधली एसव्हीजी फाइल त्यात आयात केली, की तिच्यातले आकार संपादन करता येतील अशा रूपात येतात आणि तिचे रंग स्क्रायबसच्या रंगयादीत दाखल होतात. त्या यादीत प्रत्येक रंगाची सीएमवायकेतली टक्केवारी आपल्या हाताने भरली, की तो रंग वापरलेला प्रत्येक आकार एकदम बदलतो. मजकूर इंकस्केपमध्ये न बसवता स्क्रायबसमध्येच बसवावा. ब्लीड, म्हणजे कापणीसाठी पानाच्या कडेबाहेर ठेवायची पट्टी, दस्तऐवज तयार करतानाच भरावे, आणि पार्श्वभूमीचा रंग किंवा चित्र पानाच्या कडेबाहेर त्या रेषेपर्यंत प्रत्यक्ष ओढून न्यावे, कारण नुसता आकडा भरून रंग बाहेर जात नाही. पीडीएफ काढताना पीडीएफ/एक्स हे छपाईसाठीचे प्रमाण निवडता येते. त्याची कोणती उपआवृत्ती हवी, हे छापखान्यालाच विचारावे. पीडीएफ काढण्यापूर्वी स्क्रायबस स्वतः फाइल तपासून कमी रिझोल्यूशनची चित्रे, न सापडलेला फॉन्ट, चौकटीत न मावलेला मजकूर अशा चुका दाखवते. घोस्टस्क्रिप्ट हे लहानसे मोफत सॉफ्टवेअर सोबत बसवले, तर प्रत्येक शाईची प्लेट पडद्यावर वेगळी पाहता येते. त्या दृश्यात फक्त काळी प्लेट बंद करून पाहावी. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर फाइल बरोबर आहे, आणि अक्षरांच्या फिकट रंगीत छटा मागे उरल्या तर काळा रंग अजून मिश्र आहे.

चित्रांबद्दल एक पथ्य पाळावे. रंगांचे रूपांतर एकदाच व्हावे. क्रिटामध्ये चित्र थेट सीएमवायके रंगावकाशात रंगवून टिफ फाइल काढता येते. पण छापखान्याचे रंगप्रोफाइल हाती नसेल, तर चित्र आरजीबीतच ठेवून शेवटचे रूपांतर स्क्रायबसवर सोपवणे जास्त सुरक्षित असते.

स्क्रायबसच्या उणिवा लपवण्याचे कारण नाही. त्याची मांडणी जुन्या वळणाची आहे, तक्ते करणे त्यात त्रासाचे आहे, आणि शेकडो पानांचा, तळटिपांनी भरलेला ग्रंथ त्यात लावणे दमवणारे आहे. आपले रोजचे काम तसे असते, तर ॲडोबच्या सशुल्क इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरचा खर्च वाचलेल्या वेळातून भरून निघाला असता, असे मी स्पष्ट सांगितले असते. पत्रके आणि लहान पुस्तिकांसाठी मात्र त्या खर्चाची गरज मला दिसत नाही.

प्रश्न : एका सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर टाकला की वेलांट्या चुकीच्या जागी जातात आणि जोडाक्षरे सुटी होतात. फॉन्ट बदलून पाहिला, तरी फरक पडत नाही. दोष कोणाचा?

फॉन्ट बदलूनही फरक पडत नसेल, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरच्या अक्षरजुळणीचा आहे. युनिकोड मजकुरात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात : ‘कि’मध्ये आधी क येतो आणि मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी क च्या आधी नेणे, रफार वर चढवणे आणि जोडाक्षराचे योग्य रूप फॉन्टमधून उचलणे हे काम अक्षरजुळणी करणारा भाग करतो. हार्फबझ हे असे एक मुक्त इंजिन आहे. इंकस्केप, गिम्प आणि स्क्रायबस त्याचाच आधार घेतात, म्हणून त्यांत देवनागरी नीट उमटते. स्क्रायबसच्या 1.4 मालिकेत ही सोय नव्हती, त्यामुळे जुनी प्रत वापरत असाल तर आधी ती बदला.

ॲडोबच्या सॉफ्टवेअरमध्ये ही क्षमता असते, पण ती पुष्कळदा चालू केलेली नसते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडावा लागतो, आणि इलस्ट्रेटरच्या टाइप विभागातल्या पसंतींमध्ये भारतीय भाषांचे पर्याय दाखवण्याची खूण करावी लागते. अनेकांना ही खूण माहीत नसल्यामुळे ते वर्षानुवर्षे मजकुराचे चित्र करून चिकटवत आले आहेत, याचे वाईट वाटते. ॲफिनिटीच्या पहिल्या दोन पिढ्यांमध्ये देवनागरीसारख्या लिपींची जुळणीच नव्हती; म्हणून ते घेणाऱ्याने आताच्या आवृत्तीतही स्वतः मजकूर टाकून पाहिल्याखेरीज कामाची आखणी करू नये.

चाचणीसाठी ‘स्त्रियांनी’, ‘विद्यार्थ्यांच्या’, ‘दुसऱ्या’, ‘उद्धट’, ‘श्री’, ‘क्षितिज’ एवढे शब्द पुरतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र कोयत्यासारखा न येता रफार होऊन वर गेला, किंवा हलन्त चिन्ह उघडे पडले, तर जुळणी कच्ची आहे. याच वेळी ल आणि श यांची रूपेही पाहावीत, कारण अनेक देवनागरी फॉन्टमध्ये ही अक्षरे हिंदीच्या वळणाची असतात. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी वळण आपोआप येते, आणि ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट तर त्याच वळणासाठी घडवलेला आहे. तो, तसेच मुक्ता, बलू आणि नोटो हे फॉन्ट ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली मिळतात, त्यामुळे व्यावसायिक कामात त्यांचा वापर निर्धास्तपणे करता येतो.

फाइल दुसऱ्याकडे पाठवताना मजकुराचे आकारांत रूपांतर केलेली वेगळी प्रत पाठवावी आणि मूळ मजकुराची प्रत आपल्याकडे ठेवावी. शुद्धलेखनाची चूक शेवटच्या क्षणी सापडते तेव्हा ती मूळ प्रतच कामी येते.

प्रश्न : ॲफिनिटी पूर्वी एकदाच पैसे भरून मिळायचे, आता ते मोफत झाले आहे, असे समजले. जे आज मोफत आहे ते उद्या सशुल्क झाले तर? त्यापेक्षा मासिक शुल्काचे नामांकित सॉफ्टवेअर बरे का?

आपली शंका रास्त आहे. ॲफिनिटी ब्रिटनमधल्या सेरिफ या कंपनीने घडवले. 2014 मध्ये ‘डिझायनर’ आले, पुढे ‘फोटो’ आणि 2019 मध्ये ‘पब्लिशर’. मार्च 2024 मध्ये कॅनव्हाने सेरिफ विकत घेतली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तिन्ही एकत्र करून एकच ॲफिनिटी मोफत दिले. त्यासाठी कॅनव्हाचे खाते लागते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सोयी कॅनव्हाच्या सशुल्क योजनेला जोडलेल्या आहेत. एकाच खिडकीत व्हेक्टर, पिक्सेल आणि पानांची मांडणी देणारे, सीएमवायके नीट सांभाळणारे हे सॉफ्टवेअर मोफत मिळणे ही मोठी गोष्ट आहे. विंडोज किंवा मॅकवर काम करणाऱ्या आणि देवनागरीची गरज नसलेल्या व्यक्तीला मी ते आनंदाने सुचवेन.

तरीही ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांत आपण फरक करावा. ॲफिनिटी मोफत ठेवायचे की नाही, हा तिच्या मालक कंपनीचा निर्णय आहे आणि तो बदलू शकतो. इंकस्केप, क्रिटा, गिम्प, स्क्रायबस यांचा स्रोत जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला आहे. त्यांचे आजचे रूप आपल्याकडून कोणीही परत घेऊ शकत नाही, आणि मूळ चमू थांबला तरी दुसऱ्यांना काम पुढे नेता येते. इंकस्केपचा जन्मच तसा झाला आहे.

मासिक शुल्कातही स्थैर्य असते असे नाही. ॲडोबने मे 2013 मध्ये नव्या आवृत्त्या यापुढे कायमस्वरूपी परवान्याने विकल्या जाणार नसल्याचे जाहीर केले, आणि क्रिएटिव्ह सूट 6 ही त्या पद्धतीची शेवटची आवृत्ती ठरली. नोव्हेंबर 2022 मध्ये पँटोन या कंपनीच्या ठरावीक, क्रमांकित रंगांच्या संचांसाठी वेगळे शुल्क सुरू झाले, तेव्हा ते न भरणाऱ्या अनेकांच्या जुन्या फोटोशॉप फाइलींमधले पँटोन रंग काळे दिसू लागले. त्या कलाकारांनी सॉफ्टवेअरचे शुल्क नियमित भरले होते, त्यांचे काम त्यांचेच होते, आणि तरी त्यांनीच निवडलेला रंग त्यांच्या हाती उरला नव्हता. ही घटना मला किमतीच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा महत्त्वाची वाटते. शुल्क थांबवले की आपलीच जुनी फाइल उघडता येणार नाही, हा धोका खर्चाच्या हिशेबात धरायलाच हवा.

शुल्क भरावे लागते ती परिस्थिती एकच : आपला ग्राहक किंवा सहकारी मूळ इलस्ट्रेटर, इनडिझाइन किंवा कोरलड्रॉ फाइल मागतो आणि तीवर पुढे काम करतो. अशा वेळी तेच सॉफ्टवेअर वापरणे शहाणपणाचे आहे. मिळणाऱ्या कामातून ते शुल्क वसूल होते का, एवढे पाहावे. विद्यार्थ्यांसाठी सवलतीचे दर असतात आणि कोरलड्रॉ वार्षिक शुल्काखेरीज एकरकमीही घेता येते.

प्रश्न : मला फक्त चित्रकथा आणि पुस्तकांची चित्रे करायची आहेत. आयपॅड घेऊन प्रोक्रिएट वापरावे, की संगणकाला पेन टॅबलेट जोडावा?

आपल्याकडे आयपॅड आधीच असेल, तर प्रोक्रिएट घ्यावे. ते टास्मानियातल्या होबार्ट येथील कंपनीने 2011 मध्ये आणले आणि आजही ते एकदाच पैसे भरून मिळते. हाताला ते इतके सहज बसते की कागदावरून येणाऱ्या माणसाला जवळजवळ काहीच शिकावे लागत नाही. पण केवळ प्रोक्रिएटसाठी आयपॅड आणि त्याचे पेन्सिल घ्यायचे असेल, तर सॉफ्टवेअरची किंमत स्वस्त दिसली तरी एकूण खर्च मोठा होतो. त्या मानाने पडदा नसलेला साधा पेन टॅबलेट आणि क्रिटा हा मार्ग पुष्कळच हलका आहे. हात एकीकडे आणि नजर पडद्यावर, ही सवय जडायला काही आठवडे लागतात, आणि त्या काळात रेषा बिघडल्या म्हणून निराश होऊ नये. टॅबलेटच्या खोक्यावर दाबाच्या 8192 पातळ्या असल्याचे ठळक छापलेले असते. त्या आकड्यापेक्षा पेनाला चार्जिंग लागते का आणि आपल्या संगणकासाठी ड्रायव्हर मिळतो का, हे आधी पाहावे.

चित्रकथांची पाने पुष्कळ असतील, तर क्लिप स्टुडिओ पेंटचा विचार जरूर करावा. जपानच्या सेल्सिस कंपनीचे हे सॉफ्टवेअर चौकटी, संवादांचे फुगे आणि शाईच्या रेषा यांसाठीच घडले आहे. त्यातल्या व्हेक्टर लेअरवर (चित्राच्या एकावर एक असलेल्या थरांपैकी एका थरावर) काढलेल्या रेषेची जाडी नंतरही बदलता येते, आणि ‘ईएक्स’ प्रतीत अनेक पाने एका प्रकल्पात राहतात. विंडोज आणि मॅकवर ते एकरकमी मिळते, टॅबलेटवर मात्र शुल्क नियमित भरावे लागते. एकरकमी परवान्यात पुढची मोठी आवृत्ती आपोआप मिळत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कोणताही मार्ग निवडला तरी पानाचा आकार पहिल्याच दिवशी छपाईच्या मापाने ठरवा. ए4 पान 300 डीपीआयने, म्हणजे एका इंचात 300 ठिपके धरून, 2480 बाय 3508 पिक्सेलचे होते. त्याचा पूर्ण भरलेला एक लेअर स्मृतीत सुमारे 35 मेगाबाइट जागा घेतो आणि ए3 पानाचा त्याच्या दुप्पट. तीस लेअरचे ए3 चित्र दोन गिगाबाइटच्या पुढे जाते. प्रोक्रिएटमध्ये पान जितके मोठे तितके मिळणारे लेअर कमी, हे बंधन याच कारणाने येते. कमी मापावर काढलेले चित्र नंतर ताणून मोठे करता येते, पण तेव्हा कडांचा रेखीवपणा जातो आणि संपूर्ण पुस्तकच पुन्हा काढण्याची वेळ येते.

प्रश्न : मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलेले काम विकले तर कायद्याने चालते का? आणि कॅनव्हावर केलेले बोधचिन्ह ग्राहकाला देता येते का?

जीपीएल परवान्याच्या अटी सॉफ्टवेअरच्या वाटपाला लागू होतात. त्यात काढलेल्या चित्रावर आपला पूर्ण हक्क असतो, ते विकता येते आणि त्यावर सॉफ्टवेअरचे नाव टाकण्याची सक्ती नसते.

कॅनव्हाचे उत्तर वेगळे आहे. त्यातले तयार नमुने आणि साठ्यातली चित्रे वापरण्याचा परवाना एकट्या आपल्याला मिळालेला नसतो, तीच चित्रे दुसरा कोणीही वापरू शकतो, म्हणून त्यांच्यावर उभे केलेले बोधचिन्ह व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येत नाही. ग्राहकाला हे न सांगता तसे बोधचिन्ह देणे मला अन्यायाचे वाटते. साधे आकार, रेषा आणि योग्य परवान्याचा फॉन्ट एवढ्यावरच ते उभारावे.

प्रश्न : माझा संगणक जुना आहे, स्मृती फक्त 4 गिगाबाइट आहे. काही करता येईल का?

व्हेक्टर काम नक्की करता येईल. इंकस्केपमध्ये धूसर छटा आणि फिल्टर यांचा वापर मोजका ठेवला की ते अशा संगणकावरही चालते. छायाचित्रांच्या किरकोळ दुरुस्तीसाठी ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी पाहावे. इव्हान कुत्स्किर या एकाच विकासकाने ते उभारले आहे, जाहिराती सोसल्या तर ते मोफत आहे, आणि फाइल इंटरनेटवर न चढवता आपल्या संगणकावरच हाताळते. मोठ्या पानांची रंगीत चित्रे मात्र स्मृती वाढवल्याशिवाय सुरू करू नयेत.

प्रश्न : अनेक वर्षे कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन वापरून जमलेल्या शेकडो फाइली आहेत. शुल्क थांबवून मोफत सॉफ्टवेअरकडे वळायचे आहे. जुने काम कसे वाचवावे?

सर्वांत आधी, शुल्क चालू आहे तोवरच फाइली बाहेर काढा. इलस्ट्रेटरच्या फाइली पीडीएफशी सुसंगत ठेवण्याची खूण करून साठवल्या असतील, तर इंकस्केप त्या पीडीएफप्रमाणे उघडते. खूण काढलेली असेल तर हाती काहीच लागत नाही. कोरलड्रॉच्या सीडीआर फाइली इंकस्केप एका मुक्त संग्रहाच्या मदतीने वाचते, पण लेन्स, सावल्या, कॉन्टूर असे परिणाम वाटेत हरवतात आणि अगदी नव्या आवृत्त्यांच्या फाइली कधी कधी उघडतच नाहीत. इनडिझाइनची मूळ फाइल तिच्याबाहेर उघडणे जवळजवळ अशक्य समजा. तिची आयडीएमएल प्रत काढा, जी स्क्रायबस 1.6 आणि ॲफिनिटी दोन्ही आयात करतात, आणि आयातीनंतर ओळी कुठे तुटल्या ते पानोपान तपासा. फोटोशॉपच्या पीएसडी फाइली गिम्प, क्रिटा आणि फोटोपी उघडतात. त्यांतल्या त्यात फोटोपी मूळ रचना जास्त चांगली राखते.

शेकडो फाइलींचे रूपांतर एका बैठकीत करण्याचा अट्टहास नको. ज्या ग्राहकांचे काम दरवर्षी परत येते त्यांच्या फाइली आधी घ्या, आणि प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवा : संपादनासाठी एसव्हीजी किंवा आयडीएमएल, छपाईसाठी पीडीएफ, आणि मूळ फाइल जशी आहे तशी. वापरलेले फॉन्ट आणि जोडलेली चित्रे त्याच फोल्डरमध्ये साठवा. रूपांतर झाल्यावर जुनी छापील प्रत शेजारी धरून नवी फाइल ताडून पाहा. रंग आणि अक्षरांमधले अंतर यांतले फरक पडद्यावर सुटतात, ते कागदावर लगेच सापडतात. फाइलींमधला मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदललेल्या मजकुराचे मुद्रितशोधन पहिल्यापासून करा, कारण या बदलात रफार आणि अनुस्वार सर्वांत जास्त निसटतात.